बीच बॉईजचे 'पडेल' अल्बम ऐकायचे कसे (१९६७ ते १९६९)

बीच बॉईज हा अमेरिकन बँड म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी माहिती असतात, एक ती समुद्र-सर्फिंग-गाड्या-पोरींची गाणी आणि दुसरा १९६६ चा 'पेट साउंड्स' अल्बम, आणि पुढं काय झालं विचारलं की उत्तर ठरलेलं: बँडची गाणी बांधणाऱ्या ब्रायन विल्सनचं डोकं फिरलं, 'स्माइल' हा पुढचा अल्बम अर्धवट राहिला, बँड संपला, विषय कट. जून २०२५ मध्ये ब्रायन गेला तेव्हा पण सगळ्यांच्या स्टेटसला तीच दोन-तीन गाणी. पण संपला म्हणतात त्या बँडनं 'स्माइल' बारगळल्यावर पावणेदोन वर्षात चार अल्बम काढलेत हो. सप्टेंबर १९६७ ला 'स्माइली स्माइल', त्याच डिसेंबरात 'वाइल्ड हनी', जून १९६८ ला 'फ्रेंड्स' आणि फेब्रुवारी १९६९ ला '२०/२०'. हे चार कसे ऐकायचे, कुठनं सुरू करायचं, काय स्किप करायचं आणि कशाचं उगाच कौतुक करायचं नाही, ते खाली लिहितोय. कोल्हापुरात इंग्लिश गाणी ऐकणारी पोरं कमी नाहीत, पण ती एक तर मेटलवाली नाहीतर बीटल्सवाली, बीच बॉईजच्या ह्या भागात फिरकणारं मला तरी कोण भेटलेलं नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी डोक्यातनं एक गोष्ट काढून टाका, की हे अल्बम पडले म्हणजे वाईट होते. पडले ते अमेरिकेत. तिथल्या चार्टवर 'पेट साउंड्स' १० व्या नंबरपर्यंत गेलेला, 'स्माइली स्माइल' ४१ ला अडकला, 'वाइल्ड हनी' २४, 'फ्रेंड्स' तर थेट १२६, '२०/२०' ६८. आता इंग्लंडचे आकडे बघा, त्याच क्रमानं ९, ७, १३ आणि ३. गाणी तीच, आवाज तेच, समुद्राच्या अलीकडं फ्लॉप आणि पलीकडं टॉप टेनच्या आसपास. म्हणजे घोळ गाण्यात नव्हता, घोळ अपेक्षेत होता. अमेरिकेत वर्षभर बोंबाबोंब झालेली की 'स्माइल' नावाचं काहीतरी अफाट येणार आहे, ब्रायन आणि गीतकार व्हॅन डाइक पार्क्स मिळून बनवतायत. मे १९६७ मध्ये ते बारगळलं. जूनमध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' सगळीकडं वाजत होता, कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या पॉप फेस्टिव्हलमधनं बीच बॉईजनी ऐनवेळी अंग काढून घेतलं, त्यामुळं तरुण पोरांच्या नजरेत ते अजूनच मागं पडले, आणि ह्या सगळ्यावर सप्टेंबरात आला 'स्माइली स्माइल', घरात बसून, थोडीच वाद्यं घेऊन, हसत-खिदळत, कुजबुजत केलेला. ब्रायनचा भाऊ कार्ल विल्सन स्वतःच नंतर बेसबॉलच्या भाषेत म्हणाला की होमरन मारायच्या जागी आम्ही नुसती बॅट लावली. आपल्या भाषेत, सगळं स्टेडियम सिक्स बघायला उभं राहिलेलं आणि ह्यांनी हळूच एक रन पळून काढली. त्या दिवशी जो शिक्का बसला तो पुढच्या तीन अल्बमना पण चिकटला.

तर पहिलं काम, क्रम बदला. सालाप्रमाणं ऐकायला गेलात तर पहिलाच 'स्माइली स्माइल' लागतो आणि तिथंच माणूस पळून जातो, मी बघितलंय तसं होताना. सुरुवात 'फ्रेंड्स'नं करा, मग 'वाइल्ड हनी', मग '२०/२०', आणि 'स्माइली स्माइल' सगळ्यात शेवटी, तोपर्यंत कानाला ह्या लोकांच्या घरातल्या आवाजाची सवय झालेली असते. चारही मिळून दोन तासाच्या आत संपतात, एकेक अल्बम २४ ते ३० मिनिटांचा, त्यामुळं वेळ नाही हे कारण चालणार नाही. पण चारही एका बैठकीत लावू नका. एका वेळी एक, आणि तोच परत एकदा, दुसऱ्या दिवशी.

दुसरं, आवाज कमी ठेवा. हे आपल्याकडं सांगणं म्हणजे अवघड काम आहे, मिरवणुकीत छातीचा भाता हलल्याशिवाय गाणं वाजलं असं मानायची आपल्याला सवय नाही, डॉल्बीच्या भिंतीपुढं वाढलेले कान आपले. पण ह्या अल्बमचा बराचसा भाग ब्रायनच्या बेल एअरमधल्या राहत्या घरात, घरातच उभ्या केलेल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय. 'पेट साउंड्स'ला भाड्याचे मोठे स्टुडिओ, खोली भरून वादक, इथं एक ऑर्गन, एक पियानो, बेस आणि माणसं माइकच्या अगदी जवळ. जोरात लावलं की ही जवळीक जाते आणि उरतो तो नुसता पोकळपणा, मग माणूस म्हणतो ह्यात काय नाहीच. ह्यात आहे ते सगळं हळू लावल्यावर ऐकू येतं. रात्रीची वेळ बेस्ट. जेवणं झाली, गंगावेशीत दूध पिऊन आलात, गल्ली शांत झाली, मग लावा.

तिसरं मोनो-स्टिरिओचं. 'स्माइली स्माइल' आणि 'वाइल्ड हनी' हे मुळात मोनोत मिक्स केलेले, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेनं, स्टिरिओसारखं डावं-उजवं वेगळं नाही, तेव्हा स्टिरिओ म्हणून जे विकलं ते मोनोवरनंच ओढूनताणून केलेलं खोटं स्टिरिओ होतं. ब्रायनला उजव्या कानानं जवळजवळ ऐकूच यायचं नाही त्यामुळं मोनो हीच त्याची पद्धत. 'वाइल्ड हनी'चं खरंखुरं स्टिरिओ मिक्स थेट २०१७ साली बाहेर आलं, '१९६७ - सनशाइन टुमॉरो' ह्या संचात, आणि ते चांगलंय, आवाज वेगवेगळे सुटे ऐकू येतात, पण पहिल्यांदा ऐकताना मोनोच लावा. फोनचा स्पीकर नको, साधा एक बरा ब्लूटूथ स्पीकर पुरतो, मोनोला दोन स्पीकरची गरज पण नाही. 'फ्रेंड्स'पासनं मात्र स्टिरिओ, तिथं इयरफोन घाला.

अजून एक, ॲपवर हे अल्बम बऱ्याचदा जोडीनं दिसतात, 'स्माइली स्माइल' आणि 'वाइल्ड हनी' एकत्र, 'फ्रेंड्स' आणि '२०/२०' एकत्र, शेवटी बोनस गाणी चिकटवलेली. ९० सालच्या सीडीपासनं ही पद्धत पडली. त्यामुळं मूळ अल्बम कुठं संपतो ते आधी बघून घ्या. 'फ्रेंड्स' संपतो 'ट्रान्सेन्डेंटल मेडिटेशन'वर, तिथं थांबा. शफल बंद. आणि मध्येच मसाल्याची जाहिरात लागणार असेल तर राहू दे, दुसरीकडं ऐका.

आता खरा मुद्दा, कान तयार करणं, आणि हे मी जरा लांबण लावूनच सांगणार कारण बाकीचं सगळं ह्याच्यावर आहे. आपलं कान एका ओळीचं आहे. गाणारा एक, खाली तानपुरा, आणि आपण त्या एका आवाजाच्या मागं मागं जातो, अल्लादिया खाँसाहेबांच्या गावातली माणसं आपण, एकेका सुराला किती वळसे घालता येतात ते ऐकायला आपल्याला कोणी शिकवायला लागत नाही. भजनात सुद्धा बुवा म्हणतो आणि मागचे सगळे तीच चाल त्याच सुरात उचलतात. हार्मनी म्हणजे एकाच वेळी प्रत्येकजण वेगळा सूर धरून गातोय आणि सगळे मिळून एक गोष्ट बनतीय, हे आपल्या कानावर पडतं ते चर्चमधल्या ख्रिसमसच्या क्वायरमध्ये नाहीतर सलील चौधरींच्या गाण्यातल्या कोरसमध्ये, तेवढंच. त्यामुळं बीच बॉईज ऐकताना आपण काय करतो, सगळ्यात वरचा आवाज पकडतो आणि बाकीच्यांना मागचं म्युझिक समजून सोडून देतो. असं ऐकलं तर 'फ्रेंड्स' मिळमिळीत वाटणारच.

म्हणून असं करा. '२०/२०' मधलं 'अवर प्रेअर' घ्या, मिनिटभराचं आहे, शब्द नाहीत, वाद्यं नाहीत, नुसते आवाज. हे मूळचं 'स्माइल'साठी १९६६ ला रेकॉर्ड केलेलं, १९६८ मध्ये अजून थोडे आवाज चढवून इथं घातलंय. पहिल्यांदा लावाल तेव्हा फक्त सगळ्यात खालचा आवाज पकडा. वर काय चाललंय तिकडं लक्षच द्यायचं नाही. त्या खालच्या आवाजाबरोबर तोंड मिटून गुणगुणा, चुकलं तर चुकू दे. परत लावा, आता सगळ्यात वरचा, तो पातळ, बाईसारखा वाटणारा, तो ब्रायनच्या जातीचा फाल्सेटो. तो सोपा आहे, आपोआप ऐकू येतोय. मग तिसऱ्यांदा मधले. मधले अवघड, कारण ते एका जागी फार हलत नाहीत, एकजण अर्धा सूर सरकला की अख्ख्या गाण्याचा रंग बदलतो आणि आपल्याला कळत नाही कुणी बदलला. एकदा तो सरकणारा मधला आवाज तुम्हाला सापडला ना, की मग झालं, मग बीच बॉईजचं कुठलंही गाणं तुमच्यासाठी पहिल्यासारखं राहत नाही. माणसांची नावं पण लक्षात ठेवा, त्यानं सोपं जातं: ब्रायन, डेनिस, कार्ल हे तिघं सख्खे भाऊ, माइक लव्ह त्यांचा आतेभाऊ, अल जार्डिन मित्र, आणि १९६५ पासनं ब्रूस जॉन्स्टन. सगळ्यात खाली बहुतेक वेळा माइक, वर ब्रायन, मध्ये बाकीचे. घरातलीच पोरं असल्यामुळं आवाजाचा पोत एकच आहे, त्यामुळं ते इतके एकमेकात मिसळतात.

हे जमायला लागलं की 'फ्रेंड्स'.

पहिलंच गाणं 'मेंट फॉर यू', चाळीस सेकंद पण नाही. माइक लव्ह, जो एरवी पुढं पुढं करण्यासाठी प्रसिद्ध, तो इथं इतका हळू गातोय की तुम्ही मान पुढं करता. ती मान पुढं करणं महत्त्वाचं, अल्बमनं तुम्हाला जवळ बोलावून घेतलं. लगेच 'फ्रेंड्स' लागतं, तीनाच्या ठेक्यात, झोपाळ्यावर बसल्यासारखं, कार्लचा आवाज. हा अल्बम आला जून १९६८ मध्ये. त्या वर्षी एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंगचा खून झालेला, व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं, रेडिओवर गिटारी किंचाळत होत्या, आणि हे लोक मैत्री, सकाळ, होणारं बाळ, पाखरू असल्या विषयांवर गात होते. १२६ नंबर का आला त्याचं उत्तर मिळालं. पण आज ते युद्ध नाही, ते रेडिओ नाहीत, आता ते गाणं आपल्यापुढं एकटं उभं आहे, आता त्याला ऐकायला काय हरकत आहे. ब्रायन स्वतः कितीतरी वेळा म्हणालाय की बीच बॉईजच्या अल्बममधला हा त्याचा सगळ्यात आवडता.

ह्यातलं एक गाणं मात्र डोळे मिटून ऐका, 'बिझी डुइन नथिंग'. ब्राझीलच्या बोसा नोव्हाचा ठेका, मागं फुंकवाद्यं, ब्रायन एकटाच गातोय आणि काय गातोय तर काहीच नाही. सकाळी काय काय करायचं होतं, कुणाला तरी फोन करायचा होता, नंबर सापडेना, बसून आठवला, मग फोन लावला तर पलीकडं कोणी उचलेना, मग कागद घेतला, पेन्सिलला टोक काढलं आणि पत्र लिहिलं. आणि मध्ये एक अख्खं कडवं स्वतःच्या घराचा पत्ता सांगण्यात घालवलंय, इतके मैल जा, मग डावीकडं वळा, खडबडीत रस्ता लागेल, पांढरं कुंपण दिसेल, असं. कोल्हापुरातल्या कुठल्याही माणसाला पत्ता विचारा, तो असाच सांगणार की, पुढं जावा, मारुतीचं देऊळ लागंल, तिथनं उजवीकडं. गंमत अशी की चाल ऐकायला सोपी वाटते, गायला गेलात की दुसऱ्याच ओळीत पाय घसरतो, सूर सरळ पायरीनं उतरतच नाहीत. एवढी कारागिरी, आणि ती कशासाठी वापरली तर पेन्सिलला टोक काढायसाठी. मला हे 'पेट साउंड्स'मधल्या काही गाण्यांपेक्षा पण भारी वाटतं, आता मारायचं तर मारा.

डेनिसची दोन गाणी ह्याच अल्बमात आहेत, 'लिटल बर्ड' आणि 'बी स्टिल'. डेनिस म्हणजे ड्रमर, भावांतला एकटाच खरा सर्फिंग करणारा, दिसायला हिरो, त्याला कुणी संगीतकार धरतच नव्हतं. 'लिटल बर्ड' ऐका, शब्द स्टीव्हन कॅलिनिक ह्या कवीचे, मध्ये बँजो येतंय, चेलो येतंय, आणि डेनिसचा तो जरा घोगरा, न घासलेला आवाज. ह्या चार अल्बमचं पुनर्मूल्यांकन वगैरे जे काय असेल त्यात डेनिस संगीतकार झाला ही बातमी नंबर एकची आहे असं माझं मत.

शेवटचं 'ट्रान्सेन्डेंटल मेडिटेशन' मात्र फसलंय. महर्षी महेश योगींच्या नादाला माइक लागलेला, १९६८ च्या सुरुवातीला बीटल्सबरोबर ऋषिकेशला जाऊन राहिला, परत आल्यावर महर्षींना घेऊन अमेरिकेत दौरा काढला, अर्धा कार्यक्रम गाणी आणि अर्धा प्रवचन. पोरी-टोरी गाणी ऐकायला आलेल्या, त्यांच्यापुढं प्रवचन, दौरा थोड्याच दिवसात गुंडाळावा लागला. आपल्याकडं सप्ताहात कीर्तनाआधी जेवण ठेवू नये हे कोणीही सांगितलं असतं. आणि गाणं मनःशांतीवर, त्यात सॅक्सोफोन असे केकाटतायत की शांती पळून जावी.

पन्हाळ्याला गाडीनं निघालात तर 'फ्रेंड्स' वाघबीळ येईस्तोवर साधारण संपतो. मी एका मित्राला असाच ऐकवला. तिसऱ्या गाण्याला तो म्हणतो, "मर्दा, हे काय अंगाई लावलायस, गाडी चालवताना झोप यायची." म्हटलं, "गप ऐक की, खालचा आवाज ऐक." घाट लागेपर्यंत गडी गुणगुणायला लागला, कबूल करत नव्हता पण.

'वाइल्ड हनी' साठी एवढं सांगायला लागत नाही, तो स्वतःच उठून नाचतोय. इथं कार्ल विल्सन पुढं येतो, वय २१ पण पूर्ण नाही, आणि काळ्या गायकांच्या आर-अँड-बी पद्धतीनं गळा फाडून गातोय. 'आय वॉज मेड टू लव्ह हर' हे स्टीव्ही वंडरचं त्याच वर्षीचं हिट ह्यांनी उचललंय, ते बरंय, मूळच्या पुढं जात नाही. पण 'डार्लिन' लावा. नुसतं लावा. अमेरिकेत १९ नंबरपर्यंत गेलेलं हे गाणं ब्रायननं खरं तर दुसऱ्या एका बँडसाठी काढलं होतं, जे पुढं थ्री डॉग नाइट म्हणून फेमस झाले, आणि घरच्यांनी म्हटलं हे आपल्यालाच पाहिजे. बरं झालं. कुणाला बीच बॉईजच्या ह्या काळात ओढायचं असेल तर हे आमिष, दोन मिनिटं आणि थोडं, पितळी बाजा, कार्ल सुटलेला. मग 'लेट द विंड ब्लो' लावा, एकदम उलट, हळवं, पियानोवर, हे ह्या अल्बमचं सगळ्यात खोल गाणं. 'आय'ड लव्ह जस्ट वन्स टू सी यू' मध्ये ब्रायन घरात रिकामा बसून भांडी-बिंडी धुतल्याचं सांगतोय आणि शेवटच्या ओळीत जरा चावटपणा करून गाणं संपवतो. 'हाउ शी बूगलूड इट' स्किप केलं तरी पाप लागणार नाही. कव्हर बघा मात्र, ते रंगीत काचेचं चित्र ब्रायनच्याच घरातल्या खिडकीचं आहे.

डिसेंबर १९६७ म्हणजे सगळं जग सतार, उलट्या टेपा आणि पावपाव तास लांब गाण्यात बुडालेलं, आणि हे २४ मिनिटांचा साधा नाचाचा अल्बम काढून मोकळे. त्याच महिन्याच्या शेवटी बॉब डिलनचा 'जॉन वेस्ली हार्डिंग' आला, तो पण साधा, उघडाबोडका, आणि मग सगळे म्हणायला लागले की आता साधेपणाकडं परत जायला पाहिजे. डिलनला ते श्रेय मिळालं. ह्यांना नाही.

'२०/२०' ला अल्बम म्हणायचं का हाच प्रश्न आहे, कॅपिटल कंपनीबरोबरचा करार संपत आलेला, ब्रायन बाजूला झालेला, तेव्हा कपाटात जे होतं ते काढून लावलं. कव्हरच्या पुढच्या फोटोत ब्रायन नाहीच, आत उघडल्यावर डोळे तपासायच्या तक्त्यामागं उभा आहे. नाव ट्वेंटी-ट्वेंटी ते क्रिकेटमुळं नव्हे, तिकडं चांगल्या नजरेला ट्वेंटी-ट्वेंटी म्हणतात, आपला डॉक्टर सिक्स बाय सिक्स म्हणतो तसं, आणि संग्रह-बिंग्रह धरून हा त्यांचा विसावा अल्बम. हा सलग ऐकायच्या भानगडीत पडू नका, वेचून ऐका. 'डू इट अगेन' तर इंग्लंडमध्ये एक नंबरला गेलेलं, त्याच्या अगदी शेवटी हातोड्या-करवतीचा आवाज येतो तो 'स्माइल'च्या कचऱ्यातनं उचललेला, कान देऊन ऐका. 'आय कॅन हिअर म्युझिक' कार्लनं स्वतः प्रोड्यूस केलंय, मध्ये वाद्यं थांबतात आणि नुसते आवाज उरतात, 'अवर प्रेअर'वर केलेली मेहनत इथं वसूल. 'टाइम टू गेट अलोन' परत तीनाच्या ठेक्यात, आणि ते 'आय वेंट टू स्लीप', दीड मिनिटाचं, बागेत बसलेल्या माणसाला झोप लागते एवढीच गोष्ट. आणि शेवटी 'कॅबिनेसेन्स', तो 'स्माइल'चाच तुकडा, आगगाड्या, शेतं, आवाजांचे थरावर थर. ह्या घरगुती सामानात तो असा उभा आहे की एका क्षणात कळतं 'स्माइल' काय झालं असतं.

एक गाणं आहे 'नेव्हर लर्न नॉट टू लव्ह', त्याची गोष्ट आधीच सांगून ठेवतो नाहीतर नंतर कुठंतरी वाचून दचकाल. १९६८ च्या उन्हाळ्यात चार्ल्स मॅन्सन, जो पुढं खुनांसाठी कुप्रसिद्ध झाला, तो आणि त्याचं टोळकं डेनिसच्या घरात येऊन राहिलेलं, हे गाणं मूळचं मॅन्सनचं, डेनिसनं शब्द बदलून स्वतःच्या नावावर घातलं. त्या टोळक्याचे ते खून झाले ऑगस्ट १९६९ ला, म्हणजे अल्बम येऊन सहा महिने झाल्यावर. काहीजण फक्त ह्या गाण्यासाठी अल्बम ऐकतात, ते मला पटत नाही. डेनिसचं खरं काम बघायचं तर ह्याच अल्बममधलं 'बी विथ मी' ऐका, केवढं मोठं, काळंभोर गाणं आहे ते.

आता 'स्माइली स्माइल'. पहिल्यांदा ऐकताना दोन गाणी बाजूला ठेवा, 'हिरोज अँड व्हिलन्स' आणि 'गुड व्हायब्रेशन्स'. दोन्ही वाईट आहेत म्हणून नव्हे, उलट. 'गुड व्हायब्रेशन्स' १९६६ मध्ये किती महिने, किती स्टुडिओ फिरून बनवलेलं, ते मध्येच लागलं की आजूबाजूची नऊ गाणी रेहर्सल वाटायला लागतात. ते काढा, मग त्या नऊ गाण्यांचं स्वतःचं एक जग दिसतं. 'व्हेजिटेबल्स' मध्ये बेस, बाटलीत फुंकल्याचा आवाज, पाणी ओतल्याचा, गाजर-बिजर चावल्याचा, एवढंच. 'शीज गोइन बाल्ड' मध्ये आवाज मशीननं वर वर नेत नेत अगदी चिरके केलेत, पोरं ऐकली तर खो-खो हसतील. 'लिटल पॅड' च्या सुरुवातीला ह्यांनाच हसू आवरत नाही आणि ते हसू तसंच ठेवलंय, आणि मग दहा सेकंदात ते हवाई बेटावरच्या झोपडीचं इतकं गोड काहीतरी गायला लागतात की आपण गप्प.

'विंड चाइम्स' वर थोडं थांबा. २०११ मध्ये 'द स्माइल सेशन्स' निघाला त्यात ह्याच गाण्याचं १९६६ चं रूप आहे, ते आधी ऐका. लाकडी सुरांचं मरिंबा, हळूहळू भरत जाणारं गाणं, खिडकीत टांगलेल्या घंटा वाऱ्यानं हलतायत, प्रसन्न. मग लगेच 'स्माइली स्माइल'मधलं लावा. तीच घंटा, तोच वारा, पण आता एक ऑर्गन एका जागी गुणगुणतोय, आवाज कुजबुजतायत, ओळी आळीपाळीनं वेगवेगळे लोक घेतायत, मध्येच एकदम काहीतरी अंगावर येतं आणि परत शांत. शेवटी आवाज इतके बारीक होत जातात की पंखा बंद करायला लागतो. पहिलं रूप जास्त सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण दुसरं जास्त खरं वाटतं मला, रात्रभर झोप न लागलेल्या माणसाला घंटा अशीच ऐकू येत असेल. 'वंडरफुल' ची पण दोन रूपं अशीच शेजारी शेजारी ठेवून ऐका, तिथं मात्र मी १९६६ वाल्याच्या बाजूचा, 'स्माइली'मध्ये मधला दंगा उगाच आहे.

हे सगळं झाल्यावर स्वतःची एक प्लेलिस्ट करा, चार अल्बममधनं बारा-तेरा गाणी, अर्ध्या तासाची. कुठली घेतली, कुठली टाकली ह्यावरनं तुम्हाला तुमचंच मत कळेल, माझं किंवा मासिकवाल्यांचं नव्हे. आणि कुणाला ऐकवताना भाषण देऊ नका, मी वर दिलं ते पुरे. आवाज असणारी दोन-चार दोस्तमंडळी असतील तर ऑगस्ट १९६८ चा 'स्टॅक-ओ-ट्रॅक्स' शोधा, त्यात कॅपिटलनं ह्यांच्या जुन्या गाण्यांचे आवाज काढून नुसतं संगीत विकलेलं, कॅराओकेच म्हणा की, तेव्हा ते पण पडलं. आपापला आवाज वाटून घ्या आणि गाऊन बघा. रंकाळ्यावर नको, लोक बघत बसतील.

आणि इथपर्यंत आलात तर पुढचा अल्बम ऑगस्ट १९७० चा 'सनफ्लॉवर', नवी कंपनी, अमेरिकेत १५१ नंबर, म्हणजे अजून खाली. त्याला काय गाईड-बिईड लागत नाही. 'धिस होल वर्ल्ड' दोन मिनिटांच्या आत संपतं, ते लावा आणि सुरू करा.